कासवाला जय

आमच्या लेकीने शिकलेली पहिली करामत म्हणजे कासवाला जय करणं. तेव्हा तिला वर्षही पुरं झालं नव्हतं. उचलून काचेच्या पेटीजवळ नेलं की ती कासवाच्या पाठीवर तळवा टेकवायची. तोच हात कपाळाला लावायचा म्हणून निघायचा आणि थेट तोंडात जायचा. आम्ही सगळे हसायचो. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे दाखवलं जायचं.

कासव मीच आणलं होतं. बारामतीत फ्लॅट घेतला तेव्हा कुणीतरी सांगितलं की उत्तरेला कासव असावं, घरात बरकत राहते. आधी पितळेचं आणलं. मग वाटलं, पितळेचंच कशाला? शोभेच्या माशांच्या दुकानात कानाशी लाल पट्टा असलेली हिरवी पिल्लं होती, त्यातलं एक उचललं. सासूबाई खूश झाल्या. देवळात शिरताना कासवाला हात लावून मगच आत जायचं, ही त्यांची जन्माची सवय. आता कासवच घरात आल्यावर अंघोळ झाली की आधी त्यांचा नमस्कार, मग नातीकडून करून घ्यायचा. रविवारी मी पेटीतलं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायची आणि जुन्या टूथब्रशने कासवाची पाठ घासायची. त्याच सिंकमध्ये मग लेकीची वाटी-चमचा. स्वच्छतेच्या बाबतीत मी फार कडक आहे असा माझा समज होता. लोकांचाही होता, कारण तो मीच करून दिला होता.

थंडीत कांद्याची लागण उरकून आई निरवांगीहून आमच्याकडे राहायला आली. तिच्या बोटांना भेगा होत्या आणि भेगांत साबणाला दाद न देणारी माती. पण भाकरी दुधात कुस्करून तिने हाताने घास धरला की लेक चिमणीच्या पिल्लासारखी तोंड उघडून बसायची. माझ्याकडून दोन घास खाताना हीच पोरगी घर डोक्यावर घ्यायची. आईने आम्हा भावंडांना असंच भरवलं, भावाच्या पोरालाही तीच भरवत होती. ते बघून मला बरं वाटायचं आणि थोडी चीडही यायची.

आई येऊन आठवडाही झाला नसेल, लेकीला ताप भरला. जुलाब सुरू झाले, आणि दुपारी लंगोटात रक्त दिसलं. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा ती रडायचीही थांबली होती. एवढ्याशा हाताला सलाइनची सुई लावताना तिने नुसते डोळे फिरवले. ती हातची जाते की काय, हे माझ्या मनात आलं आणि मग दुसरं काही येईना.

बाहेर बाकावर सासूबाई आणि आई बसल्या होत्या. सासूबाईंनी फक्त एकदा आईच्या हातांकडे बघितलं. बोलले ती मी.

"आई, तुझी नखं बघ जरा. कितीदा सांगितलं, चमच्याने भरव म्हणून."

मी एकदाही सांगितलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "व्हय गं, चुकलंच माझं," आणि उठून बेसिनपाशी गेली. किती तरी वेळ ती हात धूत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जाते मी. हितं माझी अडचणच व्हतीय तुमास्नी." मी थांब म्हटलं नाही. नवऱ्याने तिला एसटी स्टँडवर सोडलं.

लेक हळूहळू सावरली. तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात साल्मोनेला नावाचे जंतू निघाले. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोंबड्या, कच्ची अंडी, पाळलेला एखादा प्राणी? मी ठामपणे नाही म्हटलं. खोटं नव्हते बोलत. कासव माझ्या लेखी प्राण्यांत नव्हतंच, देवांत होतं. उलट एरवी आमची पोर किती चुणचुणीत आहे हे बाईंना कळावं म्हणून मी कौतुकाने फोनवरचा व्हिडिओ लावला.

"परत दाखवा," त्या म्हणाल्या.

परत दाखवला. तळवा पाठीवर, हात तोंडात, आणि मागे आमचं हसणं.

"कासव धडधाकट दिसतं, पण त्याच्या आतड्यात हे जंतू असतात," बाई म्हणाल्या. "तिथून ते पाठीवर येतात, पाण्यात येतात. मोठ्यांचं बहुधा निभावतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरात कासव ठेवूच नये. पेटी कुठे धुता?"

"सिंकमध्ये."

"कुठल्या?"

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

नवरा म्हणत होता, पळसदेवला धरणाच्या पाण्यात सोडून देऊ. पण ही परदेशी जात, तिथल्या कासवांच्या मुळावर उठेल, असं बाईंनीच सांगितलं. शेवटी दुकानदाराने परत घेतलं. सासूबाई रिकाम्या कोपऱ्याकडे बघून रडल्या आणि मग म्हणाल्या, "मीच शिकवलं गं तिला." त्यांनी एवढं तरी म्हटलं. मी आईला फोन करायलाही उगाच दिवस घालवले.

"आई, तुझ्यामुळे नव्हतं ते. कासवामुळे झालं."

"आसं व्हय. पोर बरी हाय न्हवं? मग झालं तर."

माफी मागायची राहिली. आई-लेकींत कसली माफी, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला फार सोयीचं पडलं.

उन्हाळ्यात निरवांगीला गेले. लेक आता चालत होती. आजीला बघताच दुडदुडत गेली आणि समोर बसून तोंड उघडलं. आईने भाकरी कुस्करली, तीही चमच्याने दाबून दाबून. मग वाटी माझ्यापुढे सरकवली.

"तूच भरीव."

"आई, तू भरव ना. हाताने."

"नगं. आता चमच्याचीच सवय लागलीया."

वहिनी चुलीपाशी होती. ती सहज बोलून गेली, "आमच्या पोरालाबी न्हाईत भरवत हातानं. तुमच्याकडनं आल्यापासनं."

आईने हात पदराखाली घेतले. लेक तोंड उघडं ठेवून तिच्याकडेच बघत होती. मी चमचा पुढे केला, तर तिने मान फिरवली.