सव्वा अकराची भरती

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते उंब्रजच्या बाजूला दूध गोळा करणाऱ्या एका टेम्पोच्या ड्रायव्हरचे. मी त्यांना काका म्हणत आलो. आमचं नातं काही नव्हतं आणि जातही एक नव्हती. आमचं गाव त्यांच्या रूटवर चौथं होतं, एवढंच. माझं कॉलेज कऱ्हाडला होतं, दूध थंड करायचं केंद्र कऱ्हाडच्या अलीकडे होतं आणि एस.टी. यायची तेव्हा यायची. अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत पाच वर्षं मी काकांच्या केबिनमध्ये बसून शिकायला गेलो. गाडीतून दुधाशिवाय काहीही न्यायचं नाही, हा दूध संघाचा नियम केबिनमध्येच, माझ्या गुडघ्यांसमोर, लाल अक्षरात रंगवलेला होता. तो मला पाठ झाला. काकांनी त्याचा विषय कधी काढला नाही.

वाटेत ते रोज विचारायचे, "काल काय शिकवलं?" आणि मी सांगायचो. अणूपर्यंत त्यांना सगळं पटलं. पुढं मोजता न येणाऱ्या अणूंची संख्या आम्ही वहीत मोजतो म्हटल्यावर ते गिअर बदलत म्हणाले, "ही लबाडी हाय. पर पेपरात ल्ही."

मी लिहिलं आणि पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नव्वदनंतरची ती वर्षं. पलूसच्या बाजूला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासायची नोकरी मला लागली. शेजारच्या टेबलावर गुहागरकडचे एक गृहस्थ होते. ते कमी बोलत, पण बोलले की कोकणाबद्दलच बोलत. एकदा त्यांनी हेदवीच्या किनाऱ्याची गोष्ट सांगितली. तिथं वाळू संपून काळा खडक लागतो आणि खडकाला एक अरुंद घळ पडलेली आहे. भरतीचं पाणी त्या घळीत घुसतं, पुढं जायला जागा उरत नाही, म्हणून सरळ वर उडतं. तीन-चार पुरुष उंच.

त्या रविवारी गावी गेल्यावर मी ही गोष्ट काकांच्या गावी, त्यांच्या ओट्यावर बसून सांगितली.

"पानी खाली जातंय," काका म्हणाले. "वर जायाला त्याला काय काम?"

"मागून रेटा येतो, काका."

"तू बघितलंयस?"

"नाही."

"मग?"

काकी आतून ज्वारीचं सूप घेऊन बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "त्यो समिंदर ऱ्हाऊ द्या. बावीस वर्सं झाली, गाडी दारात हुबी ऱ्हाती. आत बसून रस्ता कसा दिसतोय, मला अजून ठाव न्हाई."

"संघाचा नेम हाय," काका म्हणाले.

"कालेजच्या पोराला नेम न्हाई. बायकूला नेम हाय."

काका सुपातले खडे वेचायला लागले. त्या नियमाचा मीच एकमेव अपवाद असल्यानं मीही सुपात हात घातला. बसल्या बसल्या मी ठरवलं, की एक अख्खा दिवस या दोघांना एका गाडीत शेजारी बसवून समुद्रापर्यंत नेऊन आणायचं. शिक्षणाचा उपयोग घराबाहेरच्या कुणासाठी करायची ही माझी पहिली वेळ होती आणि मी ती फार गांभीर्यानं घेतली.

पहिला प्रश्न वेळेचा होता. पाणी वर उडतं ते ऐन भरतीला. भरती कधी असते हे मी शेजारच्या टेबलावर विचारलं. गृहस्थ म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती." पलूसच्या आसपास समुद्र नसल्यानं मला हे पडताळून पाहता येईना, तरी मी लिहून घेतलं. पहाटे पाचला निघालं तर पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर करत पावणे अकराला हेदवी. म्हणजे भरती अकराच्या पुढं पाहिजे. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. पंधरा तिथी म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावास्या.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलचे आलेख कागद शिल्लक होते. त्यातल्या एकावर मी आडव्या बाजूला वेळ आणि उभ्या बाजूला अंतर घेऊन प्रवास काढला. घाटात रेघ सपाट होत गेली, चिपळूणनंतर पुन्हा उभी झाली. कोयनेची दरी उजेडात दिसावी आणि घाटमाथ्यावर पाच मिनिटं खाली कोकण बघत उभं राहता यावं, हेही त्यात बसवलं. पुढच्या रविवारी कागद काकांपुढं ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"ही आडवी रेघ कसली?"

"चहा."

"एवढा लांब च्या?"

मी चहा निम्मा केला.

"कवाची पुनव धरलीस?"

"ही येणारी. आश्विनातली. पाऊस संपलेला असतो, हवा स्वच्छ असते."

काका हसायला लागले. त्यांनी काकींना हाक मारली आणि कागद त्यांना दाखवला. काकींना आलेख कळत नव्हता, पण ऐकल्यावर त्याही हसल्या. "आवं, कोजागिरी हाय ती," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलखाला त्या दिवशी दूध पायजे. आन दूधवालाच समिंदराला!"

मी दूध तपासायच्या नोकरीत होतो आणि कोजागिरी माझ्या लक्षात आली नव्हती. पाठोपाठची अमावास्या मी सुचवली. ती दिवाळीत लक्ष्मीपूजनाची निघाली. शिवाय अमावास्येला प्रवास करायचा नाही, हे काकींनी एकदाच आणि स्पष्ट सांगितलं.

"माजी गाडी तर समद्या आवसंला चालती," काका म्हणाले.

"ती संघाची हाय. संघाला काय हुतंय?"

आमच्या घरी अमावास्या पाळत नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देवांबरोबर तीही मागं ठेवली. पण काकींना घेऊन जायचं तर काकींचं पंचांग धरलं पाहिजे. राहिली कार्तिकातली पौर्णिमा. माझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पुनव चांगलीच की. आमी तवा विहारात जातो." अशा तऱ्हेनं दोन्ही घरांना वेगवेगळ्या कारणांनी एकच दिवस चालला. गावातल्या एका निवृत्त फौजीची जीप ठरली. तोच चालवणार होता. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत आपल्याला जेवण पचत नाही, असं काका म्हणाले. फौजी म्हणाला, "मग उपाशी चला. पुनवच हाय."

आता सुट्टी. म्हशी रविवार पाळत नाहीत, त्यामुळे काकांची गाडीही पाळत नव्हती. बावीस वर्षांत ते फक्त तीन दिवस घरी राहिले होते, वडील वारले तेव्हा. त्या तीन दिवसांत संघानं पाठवलेल्या बदली ड्रायव्हरनं गावं नकाशाच्या क्रमानं घेतली. नकाशाच्या क्रमानं कुणीही म्हशी पिळत नाही. एका गावचं दूध उशिरा येतं म्हणून ते सोडून पुढं जायचं आणि येताना घ्यायचं. एका ठिकाणी पुलावरच हॉर्न द्यायचा, म्हणजे गाडी पोचेपर्यंत कॅन रस्त्याला येतात. बदली माणसाला हे कुणी सांगितलं नाही. दोन गावांचं दूध नासलं आणि केंद्रानं परत पाठवलं. ती गावं अजून काकांना "तुमचा बाप गेला तवा" अशी सुरुवात करून त्याची आठवण देत. त्यानंतर काकांनी रजा मागितली नव्हती.

मी संघाच्या साहेबांना जाऊन भेटलो. साहेब चांगले होते. ते म्हणाले, "ड्रायव्हर मी देतो. रूट माहीत असलेला माणूस तुम्ही शेजारी बसवा. दोन्ही वेळेला, सकाळ-संध्याकाळ. नाहीतर नाही."

परतताना मी अशा माणसाचा विचार करू लागलो. गावोगावच्या दूध सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फक्त आपापलं गाव माहीत. अख्खा रूट, सगळी वळणं, कुठलं गाव आधी आणि का, हे माहीत असलेला काकांशिवाय दुसरा माणूस जिल्ह्यात एकच होता, आणि तो आलेखावर जीपमध्ये बसलेला होता.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मी काकांना सांगितलं, की त्या दिवशी टेम्पोत मी बसतो, जीपमधून तुम्ही दोघं जा. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"मग ऱ्हाऊ दे."

"का?"

"समिंदर तू काढलास. तूच न्हाईस तर आमी दोघं तितं जाऊन काय करू? बोलायचं काय?"

"तुम्ही दोघं बोला की."

"आमी?" काका म्हणाले आणि कॅन धुवायला गेले.

काकी उंबऱ्यात उभ्या होत्या.  न्यायची म्हणून काढलेली चपाती-चटणीची नवी पिशवी त्यांनी खुंटीवरून काढून परत पेटीत ठेवली. नियमाच्या पाटीसमोर पाच वर्षं बसून जे वाटलं नव्हतं, ते मला तेव्हा वाटलं. त्या सीटवर मी बसत होतो.

पलूसला पोचल्यावर त्याच संध्याकाळी मी काकांना पत्र लिहिलं. ते बुधवारी मिळालं. काका चौथी शिकलेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा काकींना, असं फौजीनं नंतर सांगितलं. शुक्रवारी पौर्णिमा होती. ते गेले. पाणी उडालं. काकींच्या मते ते नारळाच्या झाडाएवढं उंच गेलं, काकांच्या मते टेम्पोच्या टपाएवढं. वाटेत दोघं काय बोलले ते फौजीला विचारलं, तर तो म्हणाला, "पाटणपर्यंत काय न्हाई. घाटात वैनी म्हनल्या, वळणावर हॉर्न द्या. मला न्हाई, त्यास्नी. मंग जे सुरू झालं ते घरापातूर."

मी त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ केबिनमध्ये होतो. दूध नासलं नाही.

काकांनी पत्र ठेवलं होतं. काका वारल्यानंतर काकींनी ते मला परत दिलं. ते असं:

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो.

शुक्रवारची तुमची गाडी मी सांभाळतो. बदली ड्रायव्हरशी बोललो आहे, तो ऐकणारा आहे. कुठल्या गावी काय करायचं ते मी लिहून काढलं आणि मग कळलं, की न बघता लिहिलं. हे मला कुठल्याही कॉलेजनं शिकवलेलं नाही. तुम्ही शिकवलंत, आणि शिकवतोय असं कधी दाखवलं नाहीत. त्याची फेड होईल असं मला वाटत नाही आणि मी करणारही नाही. फक्त एक दिवस तुमच्या जागी तुमची काळजी मी करतो. तुम्ही ती जीपमध्ये नेऊ नका. घाटात दूध आठवलं तर बाहेर बघा.

मी नाही म्हणून जायचं नाही, असं करू नका. मला समुद्र पुढं कधीही बघता येईल, मला रविवारची सुट्टी असते. तुम्हा दोघांना मिळून हा एकच दिवस आहे, आणि काकींनी तो बावीस वर्षांत पहिल्यांदा मागितला आहे. तोही मला वाटतं माझ्याकडं मागितला नव्हता, तुमच्याकडं मागितला होता. मध्ये मी पडलो.

हेदवीला देवळामागून खडकावर उतरता येतं, असं इथले गृहस्थ सांगतात. घळीच्या अगदी काठाला जाऊ नका, दहा पावलं अलीकडं थांबा. चपला हातात घ्या. खडकावर शेवाळ असतं, काकींचा पाय घसरेल. त्यांचा हात धरा. तिकडं तुम्हाला ओळखणारं कुणी नाही.

तुमचा,
चौथ्या गावचा