कोऱ्या पानाखालची सही

माझी सही फार देखणी होती. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असताना, बारावीच्या सुट्टीत, जुन्या वह्यांची मागची पानं भरभरून मी ती गिरवली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागं वळवायची, खाली एक रेघ मारायची आणि रेघेखाली दोन टिंबं. मैत्रिणी म्हणायच्या, ही साहेबीण होणार. मग लग्न होऊन शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पलीकडं एका लहान गावात आले आणि चौदा वर्षं त्या सहीला काहीच काम पडलं नाही. मुलीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा तिच्या वडलांचीच सही लागायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या गावचं सरपंचपद बाईकडं गेलं. घरावर सुतकी कळा आली. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांची हयात पंचायतीत गेलेली, ते दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना एकदम आठवण झाली.

"आपली सूनबाई बारावी हाय की!"

चौदा वर्षांत माझं शिक्षण त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं. निवडणुकीच्या पत्रकावर मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोटो हातभर आणि माझा कोपऱ्यात, तोही डोक्यावर पदर घेऊन मान खाली घातलेला. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. चांगला उकळ्या फुटेपर्यंत झाला होता.

कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती आणि गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला शिरूरला जायचं तर सकाळची एसटी फाट्यावर भरून यायची, मनात आलं तर थांबायची. पोरं सायकलवर नाहीतर जीपला लोंबकळून जायची. पोरी सातवीनंतर कांद्याच्या वाफ्यात दिसायच्या आणि तिथून थेट मांडवात. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सातवी झाली की बास. रोज फाट्यावर कोण उभं ऱ्हाणार हाय पोरीला घिऊन?"

शिरूरची एक शिक्षणसंस्था गावातच आठवीचा वर्ग काढायला तयार होती. पंचायतीनं फक्त एक खोली द्यायची. पंचायतीच्या मागं एक खोली होतीही, मोडके फवारणी पंप आणि उंदरांनी भरलेली. मी म्हटलं, आता खुर्चीच आपल्या घरात आली. माझ्या पोरीची आठवी गावातच होणार.

निवडून आल्यावर पहिल्या मीटिंगला मी नवं इरकल नेसून गेले. मधोमध सरपंचाची खुर्ची, तिच्यावर नवा कोरा टॉवेल. आणि समोरच्या बाकावर मामा. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं खुर्चीवर बसत नसे. चौदा वर्षं मी त्या माणसासमोर जमिनीवर तरी बसले होते, नाहीतर भिंतीला टेकून उभी होते. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "बसा ना बाई." मी मामांकडं पाहिलं. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होते. ते एकदा नुसते "बस" म्हणाले असते तर मी बसले असते. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, पाहुण्यांना वाढायला उभी राहते तशी.

शेवटी मालकच म्हणाले, आणि मायेनंच म्हणाले, "कशाला अवघडून उभी ऱ्हातीस? जा घरी. सहीला वही घरीच पाठवतो."

मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. निघताना एवढं मात्र बोलले, "खोलीचं तेवढं घ्या आज."

"घेतो की," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई वही घेऊन आला. मी भाकरी थापत होते. त्यानं पान उघडून धरलं. खालच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली, वर सगळं कोरं.

"वर काय लिहिलेलंच नाही," मी म्हटलं.

"भाऊसायेब मागनं लिवत्यात, वैनी. समदीकडं असंच असतंय. फुली हाय तिथं करा."

मी हात धुतले, पदराला पुसले, वहीला पिठाचा डाग लागू नये म्हणून मनगट उचलून धरलं आणि सही केली. शेपटी, रेघ, दोन टिंबं. उमेदवारीच्या फॉर्मवर घाईत केलेली सोडली तर चौदा वर्षांनी ही पहिलीच, आणि इतकी सुंदर आली की मीच जरा वेळ पाहत राहिले. बारावी शिकलेली बाई मी. अंगठाबहाद्दर बाईनंही निदान विचारलं असतं, अंगठा कशावर उठवायचा म्हणून.

मग महिन्याच्या महिन्याला वही येत राहिली. मी विचारायची, खोलीचं काय झालं? मालक म्हणायचे, "प्रोसेसमदी हाय." मला ते पटायचं, कारण सरकारी कामाला वेळ लागतो हे मलाही ठाऊक होतं.

मुलगी सातवी पास झाली, वर्गात पहिली आली. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि आठवीच्या वर्गाचा पत्ता नाही. तिला घेऊन मी शाळेत गेले. गुरुजी भला माणूस, पण त्या दिवशी माझ्याकडं बघेनात. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. संस्थेकडून आलेली आमच्याच ठरावाची नक्कल होती. आठवीत जाणाऱ्या मुलींची संख्या पाहता गावात स्वतंत्र वर्गाची आवश्यकता वाटत नाही. सदर खोली दूध संकलनासाठी देण्यात यावी. सर्वानुमते मंजूर. आणि खाली शेपटी, रेघ, दोन टिंबं.

पोरगी माझ्या खांद्याला लागून वाचत होती.

"आई, ही तुझीच सही हाय ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

रात्रीपर्यंत मला धीर निघाला नाही. मालक दुपारी जेवायला आले तेव्हाच मी ताटावर विचारलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान मान तरी खाली घालतील. त्यांनी भाकरी कुस्करता कुस्करता साध्या आवाजात विचारलं, "तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?"

पुढच्या महिन्यात मी वही कोरीच परत पाठवली. चार दिवसांत दौंडहून माझा धाकटा भाऊ हजर. त्याला बोलावून घेतलं होतं. मामा ओसरीवर बसून सगळं ऐकत होते आणि तो स्वयंपाकघरात माझ्यापुढं उकिडवा बसून हळू आवाजात म्हणाला, "ताई, सही करून टाक. उद्या यांनी घरी पाठवलं तर दोन खोल्यांत तुला कुठं ठेवू?" तो खोटं बोलत नव्हता. मी सही केली. पुढं सगळी मुदत मी वाचून सही केली, म्हणजे कोरं पान वरून खालपर्यंत बघायचं आणि फुलीवर नाव लिहायचं.

मुलगी कांद्याच्या वाफ्यात गेली. सकाळी रस्त्यानं पोरांची जीप गेली की ती खुरपं थांबवून धूळ बसेपर्यंत बघायची. मला एका शब्दानं कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. अठरा पुरी झाली तसं तिला पाटसजवळ उसाच्या घरात दिली. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं ठळक छापलं होतं, माजी सरपंच.

काही वर्षांनी एका दुपारी ती आणि जावई जीप घेऊन आले. तिच्या गावातली सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव निघाली होती. जावई चहा घेऊन अंगणात मोबाइलवर बोलत होते, फॉर्म भरायला आज शेवटचा दिवस, सासूबाईंचा आशीर्वाद घेऊन निघतोच म्हणून. पोरगी माझ्याशेजारी जमिनीवर बसली. कागद मांडीवर ठेवले. तीन ठिकाणी पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.

"आई, फुली हाय तिथंच करायची ना?"

मी कागदावर हात ठेवला. "आधी वाच. मोठ्यानं वाच."

ती हसली, पण वाचायला लागली. स्वतःचं नाव वाचलं, गावाचं वाचलं. मग एका शब्दावर बोट ठेवून अडली. नाम... नामनि... नामनिर्दे... सातवीला पहिली आलेली माझी पोर. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ते अक्षर अक्षर फोडून सांगायला लागले, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

"ऱ्हाऊ दे आई, उशीर व्हतोय," ती म्हणाली आणि माझा हात हळूच बाजूला करून तिनं पेनाचं टोपण काढलं. सही वळणदार होती. खाली रेघ होती आणि रेघेखाली दोन टिंबं.