कड्याचा उतार

बेचाळिसाव्या वर्षी चित्रकाराने ब्रश धुऊन ठेवले आणि तो परक्या मुलखात गुंतवणूक सल्लागाराच्या कचेरीत टाय बांधून बसला. आपल्या देशात त्याची दोन प्रदर्शनं झाली होती. इथे ते सांगितलं, की लोक "वा!" म्हणत आणि घड्याळ बघत. बायकोने साफ सांगितलं होतं, "रंगांवर कसंबसं पोट भरेल रे, पण राहायचा परवाना मिळायचा नाही." परवान्याला कायमची नोकरी लागते. म्हणून दोन वर्षं घोकंपट्टी करून त्याने परीक्षा दिली आणि सहा महिन्यांच्या बोलीवर इथे लागला. साहेब त्याला 'कलाकार' म्हणत. त्याच्या हातून चहा सांडला, की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "कलाकार, आज काय रंगवलंत?"

सहावा महिना सरत आला आणि साहेबांनी एका फंडाचा आलेख त्याच्यापुढे टाकला. रेघ कड्यावरून ढकलून दिल्यासारखी खाली आलेली.

"हे बघून गिऱ्हाईक पळेल. जरा बघण्यासारखं करा. आकडा मात्र एकही बदलायचा नाही हं!"

आकड्याला हात लावायची गरजच नव्हती. त्याने उभं माप दाबलं, आडवं ताणलं, वर भरपूर आकाश सोडलं. लाल रेघ निळसर केली. कड्याचा सौम्य उतार झाला, गुरं चरावीत असा.

साहेब त्या कागदापुढे मिनिटभर उभे राहिले. या देशात त्याच्या चित्रापुढे एवढा वेळ कोणीच थांबलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला, आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त नर्सबाई त्या फंडात पैसे गुंतवायला आल्या. रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही बाबा. हे घसरतंय का? तू सांगशील ते खरं."

साहेब दारातच उभे होते.

"थोडं खाली-वर व्हायचंच, मावशी," तो म्हणाला.

"दिसतंयही तसंच," म्हणत बाईंनी सही केली. जाताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी नोकरी कायम झाल्याचं पत्र बायकोने तीनदा वाचलं. "अरे, पण एवढे खूश कशावर झाले?"

"चित्रावर."

"बघ! आणि तू म्हणत होतास, इथे कोणाला कदर नाही."

तिने लगेच परवान्याचा अर्ज काढला. व्यवसायाचा रकाना आला तसं तिने पेन त्याच्यापुढे धरलं.

"तूच लिही," तो म्हणाला.