फॉल लावणारीचं इंग्रजी गाणं

मुलांनो, लष्कर भागातल्या बाजारात साडीला फॉल लावणारी एक बाई आहे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तुम्ही बघता तसल्या जपानी कार्टूनच्या शेवटी लागणारं एक इंग्रजी गाणं ती मशीन चालवताना म्हणायची. मुलगी हॉस्टेलला जाईपर्यंत दोघी ते रोज एकत्र म्हणत.

एकदा मी गिऱ्हाइकांसमोर तिचे उच्चार सुधारले, एकेक शब्द परत म्हणवून घेतला. मान खाली घालून ती म्हणत गेली.

काल गेले तर नुसतं मशीन चालू होतं.

"आज गाना नहीं?" मी विचारलं.

"अब तो बेटी के साथ फोन पर भी नहीं गाती, माँजी," दातानं दोरा तोडत ती म्हणाली. "गलत निकल जाता है."

माफी मागायला तोंड उघडलं, आणि "फॉल अच्छा लगा है" एवढंच म्हणून मी साडी घेऊन आले.