मी केलेलं पुतणीचं कौतुक

लग्नाच्या मुलीबद्दल विचारायला कोणी आलं की आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे तिची तारीफच करतात. तशी रीतच आहे. मी तर सख्खा काका.

पुतणी कणकवलीहून शिकायला आमच्याकडे आली आणि वकील होऊन इथंच राहिली. खटला न चालवता वर्षानुवर्षं आत ठेवलेल्या लोकांच्या सुटकेसाठी ती आणि तिच्या मैत्रिणी सभा घेतात, पत्रकं वाटतात. सरकारला हे खपत नाही, एवढं मला कळत होतं. पण बायकोनं त्याच महिन्यात तिचं नाव वधूवर मंडळात घातलं होतं, आणि माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते.

रविवारी सकाळी पुतणी बाहेर गेलेली असताना इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ दारात आला. म्हणाला, मुलीबद्दल थोडं विचारायचं होतं. मी त्याला सोफ्यावर बसवलं, बायकोला पोहे टाकायला सांगितले. मुलगी कुठे जाते, कोणाकोणात मिसळते, असं तो विचारत होता. मुलाकडचे विचारतातच. मुलगी माणूसघाणी वाटू नये म्हणून मी सुटलोच. तिच्या एका शब्दावर शंभर माणसं जमतात म्हणालो. वाकोल्याला तिची जिवाभावाची मैत्रीण आहे, पत्रकं तिच्याच घरी तयार होतात, हेही सांगितलं. एकदा गठ्ठा आणायला मी तिथं गेलो होतो, म्हणून पत्ता खाणाखुणांसकट दिला. त्यानं तो लिहून घेतला. मला वाटलं, माणूस पक्का आहे, मैत्रिणीकडेही विचारून घेणार.

संध्याकाळी पुतणी आल्यावर मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिनं विचारलं, मुलगा काय करतो? ते विचारायचं राहिलं होतं. नाव? तेही. बायकोनं मंडळात फोन लावला, तर त्यांनी कोणालाच पाठवलं नव्हतं.

"काका, पोलीस होता तो. गेल्या आठवड्यात आणखी दोघींकडे असंच झालंय."

"पण त्यानं पोहे दोनदा मागून घेतले," मी म्हणालो. यातून मला काय सिद्ध करायचं होतं, देव जाणे.

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. "माझं सोड, मला ते ओळखतातच. तिचं घर माहीत नव्हतं त्यांना." तिनं मैत्रिणीला फोन लावून माझ्या हातात दिला. "तूच सांग."

मी सगळं सांगितलं. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग, "काका, मजला कितवा सांगितलात?"

"तिसरा."

"मी दुसऱ्यावर राहते."

माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यात एक पत्ता धड लक्षात राहिला नाही, त्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "तिसऱ्यावर एक आजी एकट्याच असतात. त्या घाबरतील. आधी त्यांना सांगते, मग बॅग भरते."

फोन बंद झाला. चुकीचा पत्ता दिला ते चांगलं केलं की वाईट, मला काही केल्या ठरवता येईना. पुतणी चपला घालत होती, म्हणून मीही घातल्या.

"तू कुठे?"

"आजींची माफी मागायला."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "चल. पण वाटेत कोणी काही विचारलं तर गप्प बस."