बहिरू मापाड्याचं युरोपातलं माप

आमच्या गावचा बहिरू गांगुर्डे चार वेळा युरोपात जाऊन आला. पण त्याला पॅरिसचं विचारा, तो हॉटेलच्या मागच्या दाराचंच सांगतो. "दार लय जड. दोन्ही हातांत पातेलं घेऊन खांद्यानं लोटावं लागायचं." टॉवर पाहिला का? "पाह्यला ना, बसमधनं. तवा कोथिंबीर निवडत व्हतो."

बहिरू मूळचा मापाडी. आमचं गाव दिंडोरीच्या अलीकडं. पोरवयात तो बापाबरोबर खळ्यावर पायलीनं धान्य मोजायचा, पुढं बाजारात मापाडी म्हणून लागला. आमच्याकडं मापाडी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप टाकताना म्हणायचं 'लाभ', मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की धान्य एकावरच थांबतं, असं जुनी माणसं धरून चालायची. बहिरूचं माप कधी चुकलं नाही. दोन भाऊ वाटणीवरून हातघाईवर आले तरी 'बहिऱ्यानं मोजलंय' म्हटल्यावर गप घरी जायचे. त्याला शेतीवाडी बेताची, शिक्षण पाचवी. ऐट होती ती या एका गोष्टीची.

मग इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि बहिरू लग्नातल्या आचाऱ्याच्या हाताखाली गेला. हाताला चव निघाली. नाशिकच्या एका टूरवाल्यानं त्याला तिथून उचलला. कारण पोरं परदेशी पाठवायची म्हटली की आईबापांचा पहिला प्रश्न जेवणाचा.

दोन वर्षांमागं मे महिन्यात नाशिकच्या एका आर्किटेक्चर कॉलेजची तीस पोरं निघाली. पॅरिस, स्ट्रासबर्ग, ल्युसर्न, मिलान, व्हेनिस. बरोबर कॉलेजच्या मालिनी मॅडम. पहिल्याच दिवशी मॅडमनी बसमध्ये पोरं मोजली. एकदा एकोणतीस भरली, एकदा एकतीस.

बहिरू मागून म्हणाला, "मॅडम, सरका. हे तुमचं काम नाय."

त्यानं हजेरीच्या यादीप्रमाणे प्रत्येकाला आकडा दिला. आपला आकडा आपण ओरडायचा, बसा कुठंही. यादीत पहिली अंजली अहिरे. एकलहऱ्याची पोरगी, बाप धोंडीराम वीज केंद्रात कामाला. पोरगी हुशार, पण आवाज चुलीतल्या मांजरासारखा.

"लाभ म्हण," बहिरू म्हणाला.

"काय?"

"लाभ. एक नाय म्हणायचं."

बस हसायला लागली. शौनक नावाचं एक वांड पोरगं होतं, ते म्हणालं, "मामा, शुभ कोण मग? शुभ मी होतो!"

"तू बारदान हो, रिकामं पोतं," बहिरू म्हणाला. बस आणखी हसली. अंजली लाजली, म्हणून 'लाभ' बहिरूच म्हणायला लागला. ती नुसता हात वर करायची. तो पुढं 'दोन' ऐकायला कान द्यायचा. पॅरिसचे तीन दिवस हे बिनघोर चाललं. मॅडमनी मोजायचं सोडूनच दिलं.

तिसऱ्या रात्री बस स्ट्रासबर्गला पोचली. तिथली लाकडी चौकटींची जुनी घरं पोरांनी सकाळी वहीत काढली आणि दहाच्या सुमारास सगळी बसपाशी आली. पुढं ल्युसर्न गाठायचं होतं. बहिरू दारात उभा, पायाशी जेवणाच्या पाकिटांची खोकी, वरचं खोकं फाटलेलं. ते दोरीनं आवळता आवळता तो म्हणाला, "लाभ."

"दोन!" "तीन!" "चार!" करत शेवटचं पोरगं ओरडलं, "तीस!"

"भरली. चला."

दीड तासानं बस जेवायला एका पेट्रोल पंपावर थांबली. मेथीचे पराठे, ठेचा, एक केळं. बहिरूनं पाकिटं वाटली आणि एक उरलं. त्यानं खोकं पालथं केलं, बाहेर बघितलं, परत आत बघितलं. पाकिटं त्यानं स्वतः भरली होती, ती चुकणार नव्हती.

"अंजली कुठंय?"

आभा नावाची एक पोरगी म्हणाली, "मागे झोपलीय ना. तिची बॅग आहे सीटवर."

शौनकनं तिला फोन लावला. फोन मागच्या सीटवर, बॅगेखाली, चार्जरला लावलेला वाजला.

मालिनी मॅडमचा चेहरा उतरला. "ही गेली कुठे उतरून? शौनक, तुझी ओरडाआरड! त्यातच मोजणी चुकली असणार."

"पोराला नका बोलू," बहिरू म्हणाला. "लाभ मी म्हणलो. तिचा हात पाह्यला नाय. दोरी बघत व्हतो. रिकामं माप मोजलं मी."

ड्रायव्हर कुरकुरला. तिकडं ड्रायव्हरनं दिवसात किती तास बस चालवायची ते ठरलेलं असतं. मॅडमनी हात जोडले तेव्हा त्यानं बस वळवली. वाटेत धबधबा बघायचा होता, तो गेला. बहिरू पायरीवर बसून होता. मॅडम म्हणाल्या, "मामा, वर बसा." तो म्हणाला, "बरंय इथं."

अंजली बस उभी राहिली होती त्याच जागी होती, फूटपाथच्या कडेला मांडीवर वही घेऊन. ती संडासला गेली होती, तिथं दार उघडायला टाकायचं नाणं खिशात सापडेना, त्यात वेळ गेला. बाहेर आली तर बस नाही.

बहिरू आधी उतरला. तिनं वही मिटली. "मामा, केवढा उशीर! मला भूक लागलीय."

"रडली नाय?"

"थोडी. मग म्हटलं, मोजणी तुमच्याकडे आहे. पुढच्या सिग्नलला कळेल, येतील."

बहिरू मला नंतर म्हणाला, मॅडमनी मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना बजावलं, घरी कोणी सांगायचं नाही, उगाच बोभाटा नको. पोरीनंही सांगितलं नाही. सहल व्हेनिसपर्यंत नीट झाली. मोजायला मॅडमनीच घेतलं, बहिरूनं मागितलंही नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो एसटीनं नाशिक रोडला उतरला आणि रिक्षानं एकलहऱ्याला अंजलीच्या बापाकडं गेला. मी म्हणालो होतो, "येड्या, मिटलंय ते. कशाला उकरतो? टूरवाला काढून टाकील."

"माप मी दिलं व्हतं त्या माणसाला," तो म्हणाला. "त्याची एक पायली कमी भरली. त्याला ठाव नको?"

धोंडीराम ड्युटीवरून येऊन चहा पीत होता. बहिरूनं दारातच सगळं सांगितलं, काही न गाळता. आतून अंजली आली आणि तिचा चेहरा पडला.

"मामा! तुम्हाला कोणी सांगायला सांगितलं होतं? मला पुण्याला ट्रेनिंगला जायचंय पुढच्या महिन्यात. आता बाबा सोडतील का?"

हे बहिरूच्या ध्यानात आलंच नव्हतं.

धोंडीरामनं कप खाली ठेवला. "किती वेळ एकटी व्हती?"

"तीन तासाच्या वर."

"तू घाबरली नव्हती का गं?"

"घाबरले होते."

"मग काय केलं?"

"घर काढलं समोरचं. दोन काढली."

"आण."

तिनं वही आणली. धोंडीरामनं चष्मा लावून दोन्ही पानं बराच वेळ पाहिली. लाकूड लाकडाला कुठं अडकवलंय तेही तिनं काढलं होतं.

"ही रेघ सरळ हाय," तो म्हणाला. "हात कापत नव्हता." मग वही परत दिली. "पुण्याचा फॉर्म भरून टाक." बहिरूकडं न बघताच तो पुढं म्हणाला, "तुम्हाला लय रागानं बोलणार व्हतो मी. सांगाया आले म्हणून थांबलो. पण चूक ती चूकच हाय."

"व्हय," बहिरू म्हणाला. "म्हणून तर आलो."

चहा कोणी विचारला नाही, त्यानंही वाट पाहिली नाही.

टूरवाल्यानं काढलं नाही, आचारी मिळत नाहीत म्हणून. बहिरू अजून जातो, यंदा स्पेनचं बोलणं चालू आहे. पोरं मोजायचं मात्र कोणी सांगितलं तरी घेत नाही. "मी सैपाकाला आलोय," म्हणतो, आणि कांदा चिरायला बसतो.