फोटोत हललं कोण

फोटो हातात आला की ते आधी चष्मा कपाळावर चढवत, मग खिशातलं भिंग डोळ्याला लावत आणि फोटो आणणाऱ्याकडे न बघता विचारत, "हललं कोण?"

नौपाड्यातल्या त्यांच्या स्टुडिओत माझी त्यांच्याशी ओळख झाली ती याच प्रश्नाने. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. ठाण्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी नुकतीच खेळ शिकवायला लागले होते. आमच्या मुली खो-खो फार चांगला खेळत. पण शाळेच्या वार्षिक अंकात त्यांचा फोटो यायचा तो ओळीत उभं राहून, हात मागे बांधून. यंदा खेळतानाचा फोटो हवा, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. शाळेचा घडीचा कॅमेरा घेऊन मी मैदानावर गेले, एक अख्खा रोल संपवला आणि या गृहस्थांकडे धुवायला दिला. घ्यायला गेले तेव्हा आठही फोटो टेबलावर मांडून ते माझी वाटच बघत होते. आठही पुसट.

"बसा बाई. हललं कोण?"

मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "नुसतं पुसट म्हणून भागत नाही. तापालासुद्धा नाव असतं. हा बघा. खांब स्वच्छ, मागची भिंत स्वच्छ, मुलगी तेवढी गेली. म्हणजे मुलगी हलली. पळणं तिचं कामच आहे, तिला बोल लावू नका. शटर पन्नासावर होतं, ते शंभरावर हवं होतं. आणि आडवी पळताना घेऊ नका. तुमच्याकडे धावत येताना घ्या, कमी हलते."

मी मान डोलावली. त्यांनी दुसरा फोटो उचलला.

"यात मुलगी, खांब, भिंत, सगळ्यांना सारखीच शेपटी फुटली आहे. म्हणजे बाई हलल्या. बटण दाबता की ठोसा मारता?"

तिसऱ्या फोटोत म्हणे कोणीच हललं नव्हतं. "मागची चिंच बघा. पान न पान मोजून घ्या. फोकस चिंचेवर होता. चिंच छान खेळली आहे."

चौथ्याला त्यांनी भिंग लावलंच नाही. नुसतं माझ्या डोक्याकडे पाहिलं. "सकाळी वेणी घालून त्याच हातांनी कॅमेऱ्याची काच पुसलीत. हे खोबरेल आहे."

मी इतकी ओशाळले, की उरलेले चार फोटो न ऐकताच उठले. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, कारण त्यांचं प्रत्येक निदान खरं निघालं होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग येतो, आणि अडलं की पाय त्यांच्याकडेच वळतात.

शाळेतल्या मुलींनी त्यांचं नाव 'हललंकोण' ठेवलं होतं. ठाण्या-कल्याणच्या तालमींतून, हुतुतूच्या संघांकडून लोक आपले बिघडलेले फोटो घेऊन त्यांच्याकडे येत. एकदा कल्याणचे एक पैलवान तणतणत आले. त्यांच्या कुस्तीचा मोठा केलेला फोटो याच स्टुडिओतून गेला होता आणि तो डळमळीत होता. यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरली. ती अगदी स्वच्छ होती. म्हणजे मैदानावर सगळं ठीक होतं, गडबड फोटो मोठा करताना झाली होती. तीन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला, "मालगाडी हलली." स्टेशन जवळ असल्यामुळे जड गाडी गेली की त्यांची अंधारखोली थरथरायची. त्या दिवसापासून अंधारखोलीच्या दारावर मालगाड्यांच्या वेळा लिहिलेला कागद लागला. पैलवानांना नवा फोटो मिळाला. पण "चुकलो" हा शब्द काही मिळाला नाही.

हे मी मुद्दाम सांगते. त्यांच्या यादीत मुलगी, बाई, चिंच, मालगाडी, सगळे असत. ते स्वतः कधी नसत.

पुढे शाळेने सामन्यांचे फोटो त्यांच्यावरच सोपवले. ते लाकडी स्टूल घेऊन येत, खांबाजवळ बसत, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरत आणि पुतळ्यासारखे होत. खेळाकडे मात्र ढुंकून बघत नसत. "खेळ बघितला की फोटो गेला," असं म्हणत. चार वर्षं खो-खोचे फोटो काढूनही त्यांना त्याचे नियम ठाऊक नव्हते. एकदा सामना संपल्यावर मी हरल्याच्या दुःखात उभी होते, तर हे माझं अभिनंदन करून गेले.

आणि गंमत अशी, की त्यांची मुलगी इंदू आमच्याच संघात होती. आई लहानपणीच गेलेली, घरात हे दोघंच. इंदूला मी दोन वर्षं शिकवत होते, तरी ती यांची मुलगी हे मला ठाऊक नव्हतं. मैदानावर ते तिला 'ती दोन वेण्यांची' म्हणत. एकदा ती मला म्हणाली, "बाई, नाना माझे फोटो काढतात, पण मी कशी खेळते ते त्यांना माहीतच नाही." ती हे हसून म्हणाली. मला हसता आलं नाही.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. सामना कल्याणला होता. शेवटच्या डावात आम्हाला एकच गडी बाद करायचा होता. तो झाला तर सामना आमचा, नाही तर त्यांचा. अगदी शेवटच्या क्षणी इंदूने खांबाला हात घालून झेप घेतली. तिची बोटं पुढच्या मुलीच्या पाठीला लागली, असं आम्हाला वाटलं. पंच म्हणाले, लागली नाहीत. शिट्टी वाजली. आमच्या मुली रडायला लागल्या, लोक पंचांभोवती गोळा झाले. स्पर्धेचे चिटणीस म्हातारे आणि शांत होते. ते म्हणाले, "खांबाशी फोटोवाले बसले होते ना? फोटोत दिसेल ते मी मान्य करीन."

तिसऱ्या दिवशी दुपारी चिटणीस स्वतः ठाण्याला आले. स्टुडिओत मी होते, इंदू होती. फोटो टेबलावर पालथा ठेवलेला होता. चिटणिसांनी तो उलटला.

फोटो हललेला होता. तरी झेप दिसत होती, आणि इंदूचा हात पुढच्या मुलीच्या पाठीत मिसळलेला दिसत होता. चिटणिसांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हात लागलाय की हो," ते म्हणाले. "मला तर स्पष्ट दिसतंय. निकाल बदलावा लागेल."

इंदूने माझा हात घट्ट धरला.

फोटोवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग काढलं, पण ते डोळ्याला लावलं नाही. फोटो त्यांना पाठ झाला असावा.

"तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"खांब बघा. खांबालाही शेपटी आहे. मागच्या माणसांना आहे. सगळ्यांची रेघ खालून वर. बोटं आणि पाठ त्यामुळे एक झाली आहेत. मधे अंतर होतं की नव्हतं, ते या फोटोत नाही."

"पण मग हललं काय?" चिटणिसांनी विचारलं. "मैदान?"

त्यांनी भिंग परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मी हललो. स्टुलावरून उठलो. उठलो ते मला कळलंसुद्धा नाही. ती झेपावली आणि मी उभा होतो."

चिटणीस फोटोकडे बघत राहिले. त्यांनी आणखी एकदा, अगदी हळू विचारलं, "नक्की ना? मी तुमच्या शब्दावर जाणार."

"नक्की."

पंचांचा निकाल कायम राहिला. सामना आम्ही हरलो तो हरलोच. चिटणीस छत्री घेऊन गेले. मी इंदूकडे बघायचं टाळत होते. हातातोंडाशी आलेलं यश बापाने घालवलं, तर सोळा वर्षांची मुलगी काय म्हणेल?

इंदूने फोटो उचलून खिडकीशी नेला आणि खूप वेळ पाहिला. मग विचारलं, "नाना, तुम्ही खरंच उठला होतात?"

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही बघतच नाही."

ते टेबलावरची न सांडलेली शाई पुसत बसले. "बघितलं की असं होतं," ते म्हणाले. "म्हणून बघत नव्हतो."

मी तिथून निघाले. आणखी थांबणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्याला त्यांनी आपला कॅमेरा माझ्या हातात दिला. "शटर शंभरावर. हात धुवून या," एवढंच बोलले, आणि प्रेक्षकांच्या सतरंजीवर पुढे जाऊन बसले. तो सामना मी जन्मात विसरणार नाही. ते बसून बघूच शकत नव्हते. मिनिटा-मिनिटाला उठत, धोतराचा सोगा हातात धरून ओरडत, आणि तेही चुकीचं. ओळीत उकिडव्या बसलेल्या मुलीला, जिला खो मिळेपर्यंत हलायचीसुद्धा मुभा नाही, तिला ते जीव तोडून "पळ, पळ" सांगत होते. शेवटी पंच माझ्याकडे आले. "बाई, तुमच्या त्या गृहस्थांना खाली बसवा. आमच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत." इंदू दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती.

इंदू मॅट्रिक झाली. पुढे तिचं लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली. आता हे कशाला येतील, असं मला वाटलं होतं. पण ते येतच राहिले. संघात ओळखीचं कोणी नसे. सतरंजीवर बसता बसता शेजारच्या बाईंना विचारत, "यांतल्या आपल्या कोणत्या?" एकदा कळलं, की मग दोन तास त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. पंच बदलत गेले, तरी प्रत्येकाला एकदा तरी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा लागे.

नंतरच्या एका वर्षी स्टुडिओला कुलूप दिसलं. त्यांना बरं नसतं, इंदूने त्यांना डोंबिवलीला नेलंय, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर तिचं कार्ड आलं. नाना गेले, एवढंच त्यात होतं.

त्या वर्षी अंतिम सामना आम्ही जिंकला. मैदानावर सगळं अगदी शिस्तीत झालं. पंचांना कोणालाही खाली बसवावं लागलं नाही.